व्हिडिओ सगळ्यात शेवटी: विज्ञानाच्या ऑनलाइन कोर्सआधीची तयारी

ऑनलाइन कोर्स घ्यायचा ठरला की पहिली खरेदी माईकची होते. माझीही झाली होती. मग कॅमेरा, मग मागचं पुस्तकांचं कपाट आवरणं, मग स्लाइड्स. पहिल्या सेमिस्टरला मी सगळी व्याख्यानं आधीच रेकॉर्ड करून ठेवली आणि निवांत झाले. सहाव्या आठवड्यात सहज विचारलं, उन्हाळा का होतो? निम्म्याहून जास्त वर्गानं लिहिलं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. माझा त्यावरचा व्हिडिओ त्यांनी बघितला होता, काहींनी दोनदा. तेव्हापासून माझी तयारी उलट्या क्रमानं चालते. विद्यार्थी काय मानून बसलाय ते आधी, तो स्वतःच्या हातानं काय करणार ते त्यानंतर, गुण कशाला द्यायचे ते त्यामागून, आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

तर पहिलं काम कागद-पेनाचं. प्रत्येक घटकासमोर 'मी काय शिकवणार' हे न लिहिता 'याबद्दल मुलांच्या डोक्यात आधीच काय आहे' ते लिहा. ऋतूंच्या बाबतीत ते उत्तर वर आलंच. त्याला नुसतं 'चूक' म्हणून भागत नाही, कारण पृथ्वी खरोखरच कधी जवळ तर कधी लांब असते. जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५.२ कोटी. म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असते तेव्हाच ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. हे आकडे मुलांसमोर ठेवा आणि गप्प बसा. पृथ्वीच्या अक्षाचा २३.४ अंशांचा कल नंतर सांगितला तरी चालतो; आधी जुन्या उत्तराला तडा जायला हवा.

जीवशास्त्रातला माझा आवडता प्रश्न झाडाचा. एवढ्या मोठ्या झाडाचं वस्तुमान आलं कुठून? बहुतेक जण म्हणतात, मातीतून. सतराव्या शतकातल्या व्हान हेल्मॉन्ट या रसायनतज्ज्ञानं विलोचं ५ पौंडांचं रोप २०० पौंड कोरड्या मातीत लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं, माती कमी झाली जेमतेम २ औंस. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापून आला. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष, की झाड पाण्याचं बनतं, हाही चुकीचाच होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात आलाच नाही. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्दच मुळी या माणसानं रूढ केला, आणि कोळसा जाळल्यावर निघणारा वायू त्यानं अभ्यासलाही होता. ही गोष्ट मी मुद्दाम अर्धी सांगते आणि हेल्मॉन्टचं चुकलं कुठे ते मुलांना शोधायला लावते.

आपल्या भाषेतले सापळेही याच वहीत टिपून ठेवा. बल, शक्ती, जोर आणि ऊर्जा हे शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. भौतिकशास्त्रात त्यातल्या तिघांना स्वतंत्र एकक आहे आणि 'जोर' या शब्दाला जागाच नाही. वजन आपण किलोत सांगतो, ते खरं तर वस्तुमान असतं. आणि भांड्यावर पांढरी दिसते तिला आपण वाफ म्हणतो, पण ते पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ दिसत नाही. म्हणूनच 'उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं?' या प्रश्नाला 'हवा' आणि 'हायड्रोजन-ऑक्सिजन' ही उत्तरं पदवीच्या वर्गातही येतात. मराठीतून शिकून आलेली आणि इंग्रजीतून शिकून आलेली मुलं एकाच कोर्सात असतील तर दोन्हीकडचे शब्द शेजारी शेजारी लिहिलेलं एक पान पहिल्या दिवशीच देऊन टाका. गतिज ऊर्जा म्हणजेच कायनेटिक एनर्जी हे कुणीतरी एकदा सांगावं लागतं, आणि ते विचारायला मुलं लाजतात.

या वहीतून आठ-दहा प्रश्नांची एक चाचणी तयार करा. ती बिनगुणांची असावी आणि कोर्स सुरू होण्याआधीच्या आठवड्यात जावी. पर्याय द्यायचे असतील तर ते मुलांच्याच चुकीच्या उत्तरांतून उचला, मनानं रचू नका. हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बलाच्या संकल्पनांवर जी प्रसिद्ध प्रश्नावली प्रसिद्ध केली तिची ताकद यातच आहे: चुकीचा पर्याय इतका पटणारा असतो की समज नसलेला तोच निवडतो. पहिल्या वर्षी असे पर्याय हाताशी नसतात. मग प्रश्न मोकळे ठेवा, उत्तरं साठवा, पुढच्या वर्षी त्यांचे पर्याय करा.

आता प्रॅक्टिकल. ऑनलाइन म्हणजे प्रॅक्टिकल नाही, हे ज्यांनी ठरवूनच टाकलंय त्यांच्याशी माझा वाद आहे. प्रयोगशाळेत चार जणांच्या गटात एक हातानं करतो, एक वाचन लिहितो आणि दोघं खिडकीबाहेर बघतात. घरी एकट्यालाच करायचं म्हटलं की ही सोय राहत नाही. फक्त साहित्य कुणाच्याही घरात सापडेल असं हवं आणि प्रयोग तुम्ही स्वतः, त्याच साहित्यानं, आधी केलेला हवा.

लंबकाचंच घ्या. दोरी, एखादं जड नट किंवा कुलूप, मोजपट्टी आणि फोनमधलं स्टॉपवॉच. १ मीटर लांबीला दोलनकाळ, म्हणजे एकदा जाऊन परत यायचा वेळ, २ सेकंदांच्या अगदी जवळ येतो, २५ सेंटिमीटरला १ सेकंद. म्हणजे लांबी चौपट केली की वेळ दुप्पट, हे सूत्र न देताही मुलांना दिसतं. पण खरं शिकणं चुकीच्या हिशेबात आहे. बटण दाबताना हात ०.२ सेकंद मागेपुढे झाला, तर एकच दोलन मोजणाऱ्याची चूक १० टक्के, वीस दोलनं मोजणाऱ्याची अर्धा टक्का. आणि लांबी कुलपाच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या कडीपर्यंत मोजली, तर तिथे दोन सेंटिमीटर गेले, म्हणजे गुरुत्वत्वरणात सरळ २ टक्के. सूचनापत्रात हे सगळं लिहून देऊ नका. 'तुमच्या उत्तरात सगळ्यात मोठी चूक कुठून आली असेल?' एवढंच विचारा. ज्याचं उत्तर नेमकं पुस्तकातलं ९.८१ येतं, त्याचं जर्नल मी सगळ्यात आधी उघडते.

मुलं लांब लांब विखुरलेली आहेत ही तक्रार सगळेच करतात. एका प्रयोगात मात्र तीच दौलत आहे, आणि त्याची तयारी मी सगळ्यात जास्त मन लावून करते. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला. इजिप्तमधल्या साइनी गावी मध्यान्हीला सूर्य डोक्यावर, अलेक्झांड्रियाला ७.२ अंश कललेला, ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास. वर्गात बसलेल्या साठ मुलांना हा प्रयोग करताच येत नाही, कारण ती सगळी एकाच अक्षांशावर असतात. ऑनलाइन वर्गाला येतो.

तयारी अशी. एक तारीख ठरवा आणि ढगाळ निघालं तर म्हणून पुढचे दोन दिवस राखून ठेवा. १ मीटर उंचीची काठी, ती ओळंब्यानं सरळ उभी केलेली, जमीन सपाट. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत हे ठळक लिहा. प्रत्येकानं आपापल्या ठिकाणी सूर्य सगळ्यात उंच येण्याच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपायचं आणि सगळ्यात आखूड सावली घ्यायची. असं केलं की कोण पूर्वेला, कोण पश्चिमेला याची फारशी चिंता उरत नाही. सावलीचं टोक धूसर दिसतं म्हणून मुलं वैतागतात. ते धूसर असणारच, कारण सूर्य बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा रुंद आहे, आणि १ मीटरच्या काठीला तो पट्टा सुमारे ९ मिलिमीटरचा पडतो. त्याच्या मधोमध खूण करायची. सूर्य बऱ्यापैकी डोक्यावर असताना ५ मिलिमीटरची चूक म्हणजे कोनात साधारण ०.३ अंश. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा उत्तर-दक्षिण ३०० किलोमीटर अंतर म्हणजे २.७ अंश. त्यात ०.३ अंश चुकला तर उत्तर दहाएक टक्क्यांनी हुकतं. घेर काढायला जोडीतल्या दोघांच्या कोनांतला फरक वापरायचा असतो, म्हणून जोड्या लावताना एकमेकांपासून जास्तीत जास्त उत्तर-दक्षिण लांब असलेली मुलं निवडा. त्यासाठी नोंदणीच्या अर्जातच गाव विचारून ठेवायला हवं.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेली आहे. उष्ण कटिबंधात वर्षाच्या काही दिवसांत एकाची सावली उत्तरेला पडते आणि दुसऱ्याची दक्षिणेला, कारण सूर्य दोघांच्या मधल्या अक्षांशावर असतो. तेव्हा कोन वजा करायचे नसतात, त्यांची बेरीज करायची असते. पहिल्या वर्षी दोन मुलींना पृथ्वीचा घेर दीड लाख किलोमीटर मिळाला, आणि त्यांच्या मापात चूक असणार असं मी ठामपणे सांगून टाकलं. चूक माझ्या सूचनापत्रात होती. आता नोंदतक्त्यात सावलीच्या दिशेचा वेगळा रकाना आहे.

फोनमधल्या सेन्सर्सची यादी करताना सगळ्यांचे फोन सारखे नसतात हे विसरू नका. त्वरणमापी जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतो, हवेचा दाब मोजणारा सेन्सर बऱ्याच फोनमध्ये नसतो. आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप हाताशी ठेवा. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच घेऊन दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवले आणि आळीपाळीनं दोन्ही टोकांना टाळी वाजवली, तर दोन फोनच्या वाचनांतला फरक सुमारे २९ मिलिसेकंद येतो. तेवढ्यात आवाज जाऊन-येऊन १० मीटर जातो, म्हणजे ध्वनीचा वेग थेट हातात. घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन लागतो, तेवढी पूर्वसूचना द्या.

सुरक्षिततेचं पान वेगळं असावं आणि ते वाचल्याची खूण केल्याशिवाय पहिला प्रयोग उघडू नये, अशी सोय कोर्सच्या सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवा. लाल कोबीच्या अर्कानं आम्ल-आम्लारी ओळखण्याचा प्रयोग निरुपद्रवी वाटतो. पण 'घरातले द्रव तपासा' एवढंच लिहिलंत तर कुणीतरी ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकाच पेल्यात ओतणार. हायपोक्लोराइटचं ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. म्हणून काय तपासायचं याची बंद यादी द्या, सफाईची द्रव्यं त्यातून वगळा, प्रत्येक नमुन्याला वेगळा पेला सांगा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, सूचिछिद्रातून कागदावर पडलेली प्रतिमाच बघायची. जिवाणूंची वाढ घरी करायला लावू नका, बशी झाकलेली ठेवायला सांगितली तरीही नाही. ती कुणीतरी उघडतंच. ज्वाला लागणारं सगळं तुम्ही स्वतः करून चित्रित करा.

जे घरी होत नाही त्यासाठी सिम्युलेशन. कोलोराडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केला, आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात. मात्र नुसती लिंक पाठवली तर मुलं पाच मिनिटं सगळी बटणं ओढून बघतात आणि बंद करतात. प्रत्येक सिम्युलेशनच्या आधी एक अंदाज लिहून घ्या. विद्युतमंडळात दुसरा दिवा एकसर जोडला तर पहिल्याचं काय होईल? लिहा, मग जोडा.

खरा डेटाही एकदा तरी हाताळायला द्या. माझी पसंती हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवरच्या वेधशाळेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदींना. १९५८ पासून चालू आहेत, मोफत मिळतात, साध्या तक्त्यात उघडतात. तेव्हा दहा लाखांत सुमारे ३१५ भाग, आता ४२० च्या वर. आलेख काढला की चढत्या रेषेवर दरवर्षीची करवत दिसते, मे महिन्यात शिखर आणि मग उतार. करवत का, हा प्रश्न झाडाच्या वस्तुमानाच्या प्रश्नाला थेट जाऊन भिडतो: उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात हवेतून कार्बन ओढून घेतात. पहिल्या आठवड्यात हेल्मॉन्ट आणि नवव्या आठवड्यात हा आलेख, अशी मी मुद्दाम मांडणी करते. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे तिथला रस्ता आणि वीज गेली, तेव्हा मोजमाप काही काळ शेजारच्या मौना केआवरून झालं. जागा बदलली तर आकडे जोडता येतील का, यावर एक अख्खा तास छान जातो.

प्रत्यक्ष तासाची तयारी म्हणजे प्रश्नांची तयारी. तासाला तीन प्रश्न पुरतात. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांची पद्धत ऑनलाइन सुरेख बसते: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. पहिल्या फेरीत बरोबर उत्तर साधारण ३० ते ७० टक्के जणांचं असेल तर ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे छोट्या गटांच्या ऑनलाइन खोल्यांत, पाठवा. त्याहून कमी असेल तर चर्चा अंधारात चालते, जास्त असेल तर वेळ जातो. पहिल्या फेरीचा निकाल पडद्यावर दाखवू नका, नाहीतर दुसऱ्या फेरीत सगळे बहुमतामागे जातात. आणि थांबायला शिका. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात दिसलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरांची लांबी आणि दर्जा सुधारतो. ऑनलाइनला म्यूट काढायचं, टाइप करायचं, नेटचा उशीर. मी तीस सेकंद धरते आणि तेवढा वेळ तोंड बंद राहावं म्हणून पाणी पिते. आणखी एक युक्ती: उत्तर चॅटमध्ये लिहा पण पाठवू नका, मी 'आता' म्हणेन तेव्हा सगळे एकदम पाठवा. पहिल्या हुशार मुलाचं उत्तर बघून बाकीचे गप्प होतात, ते यानं टळतं.

मुलं कुरकुर करतील, हेही गृहीत धरा. हार्वर्डमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की स्वतः खटपट करून शिकलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, पण चाचणीत ते सरस निघाले. हे मी पहिल्याच तासाला सांगून टाकते. सेमिस्टरच्या शेवटी मिळणारे शेरे त्यानं थोडे तरी मवाळ होतात.

गुणांचं थोडक्यात. चॅटबॉटला विचारून जे उत्तर मिळतं त्याला गुण ठेवू नका. 'लंबकाचा सिद्धांत लिहा' काढून टाका, 'तुमच्या वीस नोंदींपैकी तुम्ही कुठली वगळाल आणि का' हे घाला. मांडणीचा फोटो, हातानं लिहिलेला नोंदतक्ता, आणि दर महिन्याला प्रत्येकाची तीन मिनिटांची तोंडी. साठ मुलांना तीन मिनिटं म्हणजे तीन तास, ते वेळापत्रकात आधीच बसवा, नंतर सापडत नाहीत.

आणि मग व्हिडिओ. इथवर आलात की कळेल, लागतात फार थोडे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या लाखो पाहण्यांचा २०१४ मधला अभ्यास सांगतो की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतं. एका व्हिडिओत एकच गोष्ट ठेवा, सुरुवात वहीतल्या गैरसमजानं करा. स्लाइडपेक्षा कागदावर लिहिणारा हात बरा. लिहिण्याच्या वेगानं डोकंही चालतं. वायर, आलेखाच्या रेषा वगैरे नुसत्या लाल-हिरव्यानं वेगळ्या करू नका, कुणाला ते दोन रंग एकच दिसतात. १ मेगाबिटच्या वेगानं तासाभराचा व्हिडिओ सुमारे ४५० मेगाबाइट खातो, तेव्हा लहान आकाराची प्रत आणि नुसता आवाज, दोन्ही उतरवून घेता येतील असं ठेवा. आपोआप उमटणारी कॅप्शन्स एकदा डोळ्यांखालून घालाच. पारिभाषिक शब्दांची ती जी दशा करतात ती परीक्षेच्या उत्तरांत परत येते. माईक घ्यायचा असेल तर आता घ्या.

कोर्स सुरू होण्याआधी पहिले तीन आठवडे पूर्ण तयार हवेत, बाकीच्यांचा सांगाडा पुरे, कारण बिनगुणांची चाचणी बरंच काही उलटंपालटं करते. एक दिवस जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, विद्यार्थ्याच्या खात्यानं आत शिरा आणि पहिला प्रयोग शेवटपर्यंत जमा करून बघा. फोटो अपलोड होतो का, मोठी फाइल नाकारताना कारण कळतं का, मुदत रात्री बारा वाजता संपते म्हणजे कुठल्या तारखेला, हे तिथेच कळतं. मी मुदत संध्याकाळी सहाची ठेवते. अडलं तर विचारायला कुणी जागं असतं.

मग आदल्या शुक्रवारी पहिला निरोप पाठवा. स्वागताचा परिच्छेद नको, पाठ्यक्रमाची फाइलही नको. मी एवढंच लिहिते: सोमवारच्या तासाला येताना दीड मीटर दोरी, एक कुलूप आणि मोजपट्टी घेऊन बसा, आणि कुलूप टांगायला जागा आधीच शोधून ठेवा. दाराची कडी चालेल, पंखा नको.